फाट्यावरची चौदा फुटी सावली

‘शेड म्हंजे सावली आन् शॅडो म्हंजेबी सावलीच. मग इंग्रजांनी दोन शब्द कशाला काढलं?’

साईराजने हा प्रश्न आपल्या थोरल्या भावाला बोरजाईवाडीच्या फाट्यावर, ऐन एप्रिलात, दुपारी तीनला दहा कमी असताना विचारला. त्याचं उत्तर त्याला आजवर कुणी दिलेलं नाही.

थोरला, म्हणजे शंभूराज, कडेगावला इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास चालवायचा. गावात त्याला शंभू सर म्हणत. साईराजला शंभू सरांचा भाऊ म्हणत. त्याला स्वतःचं नाव आहे ही बातमी गावात फारशी पसरलेली नव्हती. तो नववीत इंग्रजीत नापास झाला होता, तेही सख्खा भाऊ घरात फुकट शिकवायला बसलेला असताना. (अशा कामगिरीला अंगचेच गुण लागतात.) मग तो वेल्डिंग शिकला आणि फाट्यापासून हाकेच्या अंतरावर त्याने गेट, ग्रिल, खिडक्यांचं वर्कशॉप टाकलं.

रोज दुपारी तो दादाला गाडीवरून फाट्यावर आणून सोडायचा. पुढे दादा तीनच्या एसटीने कडेगावला जायचा. (साईराजने त्याला थेट कडेगावलाही सोडलं असतं. एकदा सोडलं होतं. त्या दिवसापासून शंभूराजची एसटीवरची श्रद्धा वाढली.) फाट्यावर पूर्वी एक डेरेदार कडुलिंब होता. रस्ता रुंद झाला तेव्हा तो तोडला आणि त्याच जागेवर ‘झाडे लावा’ असा फलक लावला. त्या फलकाची सावली एका कोंबडीला जेमतेम पुरायची. शंभूराज त्यात डोकं घालायचा आणि बाकीचा शंभूराज उन्हात ठेवायचा. गाडीच्या सीटवर वही टेकवून तो संध्याकाळच्या धड्याची तयारी करायचा.

वहीत इंग्रजी शब्दांच्या जोड्या असत. वरवर अर्थ एकच, पण वापरायची जागा वेगळी, असे शब्द. प्रत्येक जोडीपुढे दोन ओळी मराठी. त्या दिवशीची जोडी होती शेड आणि शॅडो. दोन्हींपुढे ‘सावली’ एवढंच लिहिलेलं, पुढचं कोरं. साईराजने डोकावून पाहिलं आणि प्रश्न टाकला. दादा हसला. हातातल्या खडूने त्याने साईराजच्या कपाळावर टपली मारली. चुकलं तरी टपली, बरोबर आलं तरी टपली, ही त्याची शिकवायची पद्धत. क्लास सुटला की कडेगावच्या स्टँडवर कपाळावर पांढरे ठिपके घेतलेली पोरं दिसायची.

“लय दिसांनी शाण्यागत काय तर इचारलंस,” दादा म्हणाला. “उद्या सांगतो. गाडी आली.”

उद्या साईराज लोखंड आणायला सांगलीला गेला. परवा दादा क्लासमध्ये फळ्यावर लिहिता लिहिता खाली बसला, तो उठला नाही. वय छत्तीस. डॉक्टरांनी हृदय सांगितलं, गावाने ऊन सांगितलं, आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाने ‘चांगली माणसं देवालाबी पायजेत’ असं सांगितलं. देवाला इंग्रजी शिकायची एवढी कसली घाई झाली होती, हे कुणी सांगितलं नाही. पहिला महिनाभर वर्कशॉपात कुणी ‘सर लय चांगले हुते’ असं सुरू केलं की साईराज ग्राइंडर चालू करायचा. ग्राइंडरच्या आवाजात सांत्वन ऐकू येत नाही, हा त्या यंत्राचा एक फायदा कंपनीने कुठे छापलेला नाही.

प्रश्न मात्र डोक्यात राहिला. शाळेच्या हेडमास्तरांना त्याने विचारलं, तर ते म्हणाले की ते संदर्भावर अवलंबून असतं. कुठल्या संदर्भावर, ते संदर्भ बघून सांगणार होते. फौजेतून सुट्टीवर आलेला चुलतभाऊ जयराज म्हणाला की फौजेत असले प्रश्न विचारत नाहीत. मोबाईलमधल्या बाईला विचारलं, तर तिने एका शब्दाला ‘सावली’ सांगितलं, दुसऱ्याला ‘सावली’ सांगितलं आणि ‘आणखी काही मदत करू का’ असं विचारलं. साईराजने मोबाईल ऐरणीवर ठेवला, हातोडा उचलला, आणि हप्ते अजून फिटायचे आहेत हे आठवून खाली ठेवला.

वर्षश्राद्ध दहा दिवसांवर आलं तेव्हा त्याच्या मनाने एकदम घेतलं. (त्याचं मन कधी हळूहळू काही घेतच नसे.) ज्या जागेवर दादा रोज उन्हात उभा राहिला, त्या जागेवर यापुढे एकही माणूस उन्हात उभा राहता कामा नये. तिथे दादाच्या नावाने एसटीची वाट बघणाऱ्यांसाठी निवारा बांधायचा, स्वतःच्या हाताने बांधायचा, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी तो उभा पाहिजे म्हणजे पाहिजे. (अशा निवाऱ्याला आमच्याकडे शेडच म्हणतात. पण त्या शब्दाने या घरात आधीच पुरेसा घोळ घातला होता, तेव्हा आपण निवाराच म्हणू.)

वहिनी, म्हणजे शंभूराजची बायको संयोगिता, वर्षभर कामापुरतं बोलत होती. ती म्हणाली, “भाऊजी, एक लिंबाचं रोप लावा. तेवढं पुरं.”

“वहिनी, झाडाला मोठं व्हायला धा वर्सं लागत्यात. वर्षश्राद्ध धा दिसावर आलंय.”

संयोगिता पुढे काही बोलली नाही. साईराजने हा आपला विजय मानला.

कागदावर निवारा आठ फूट उंच होता. मागे पत्र्याची भिंत, वर पत्र्याचं छप्पर, पुढून उघडा, आत लोखंडी बाकडं. इथपर्यंत सगळं माणसांसाठी होतं. मग सरपंच तात्याबा आले. कागद उलटा धरून बघत ते म्हणाले की शेजारच्या गावच्या निवाऱ्याची उंची दहा फूट आहे, आणि शंभू सरांचा निवारा त्याहून बुटका असला तर सरांना काय वाटेल. सरांना काय वाटतं हे सरपंचांना सर हयात असताना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. पण साईराजला ते पटलं. निवारा अकरा फूट झाला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं की उसाची ट्रॉली आडवी उभी राहिली तर नावाचा फलक झाकून जाईल. निवारा साडेबारा फूट झाला. मग खुद्द साईराजच रस्त्यावर पार ओढ्याच्या पुलापर्यंत चालत गेला, मागे वळून बघितलं आणि ठरवलं की दादाचं नाव पुलावरून वाचता आलं पाहिजे. निवारा चौदा फूट झाला. छपराच्या वर, छपराएवढाच लांब नि तीन फूट रुंद जाड पत्र्याचा फलक: ‘शंभू सरांची सावली’. खाली बारीक अक्षरात ‘संकल्पना: सरपंच तात्याबा’. संकल्पना म्हणजे कागद उलटा धरणं, हे साईराजला त्या दिवशी समजलं. तात्याबांना फलकावर स्वतःचा हात जोडलेला फोटोही हवा होता, पण पेंटरने त्यांचा चेहरा काढायला नकार दिला आणि कलेची लाज राखली.

बारा-पंधरा लोकांना बसता येईल एवढं बाकडं, तेवढीच लांब भिंत. सगळं काम सकाळचंच झालं, कारण त्या आठवड्यात वर्कशॉपला लाईट सकाळी असायची आणि दुपारी नसायची. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी सात वाजता क्रेनवाल्याला हातापाया पडून आणलं, खांब उभे केले, बोल्ट आवळले. नऊ वाजता साईराज बाकड्यावर बसला. पाठीमागून सूर्य, मधे पत्र्याची भिंत, बाकडं गार. त्याने डोळे मिटले. वर्षात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. सूर्य दुपारनंतर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जातो ही गोष्ट शाळेत तिसरीला शिकवतात. तिसरी साईराज पास होता, हे मुद्दाम सांगायला हवं.

धोक्याची सूचना मात्र त्याला वेळेवर मिळाली होती. निवाऱ्याच्या बरोबर मागे नानासोंचं अंगण. नानासोंची बायको सुलाबाई तिथे दरसाल उन्हाळ्यात गव्हाच्या चिकाच्या कुरडया घालायची. स्वतःच्या, लेकीच्या, सुनेच्या माहेरच्या, आणि पुण्याला असलेल्या सगळ्या भाऊबंदांच्या. तीन बाजल्यांवर धोतरं पसरून कुरडया घातल्या की त्यांना कडकडीत ऊन लागतं. एक दुपार हुकली तरी चीक आंबतो आणि कुरडई फुलायची सोडून बसते. त्या दिवशी संध्याकाळी सुलाबाई साईराजच्या दारात आली. सरांचं वर्षश्राद्ध उद्यावर आलेलं, घरात आई अंबूबाई बसलेली, म्हणून बिचारीने आवाज खाली ठेवला.

“साईराज, तुझ्या दादाची सावली आज तीन वाजता आमच्या कुरडयांवर आलती बघ.”

साईराजच्या हातातला पाना खाली पडला. “किती येळ हुती?”

“दिस बुडंस्तवर. हलली न्हाई.”

“पार… दिस बुडंस्तवर?”

“व्हय. उद्या तर येऊ देऊ नको बाबा.”

आत अंबूबाईने हे ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला. तीन म्हणजे त्याची एसटीची वेळ. आणि शंभूला तळलेली कुरडई लय आवडायची. ताटात आमटीभात तसाच ठेवून आधी तिचा चुरा करायचा. “येतंय तर येऊ दे गं सुला,” अंबूबाई म्हणाली, “लेकराची वासना ऱ्हायली असंल. त्येला आडवू नको.” सुलाबाईने दोघांकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि या घराला अजून दुःख सोसलेलं दिसत नाही असं समजून परत गेली. साईराजने रात्री आईला जवळ घेतलं. दोघंही रडले. चौदा फुटी पत्र्याच्या भिंतीबद्दल कुणाच्याच मनात काही आलं नाही.

उद्घाटन सकाळी दहाला होतं. उद्घाटक म्हणून तात्याबांनी तालुक्याहून एक साहेब ठरवले होते. साहेब कशाचे साहेब होते हे गावात कुणी विचारत नसे. पांढरी गाडी, मागे दोन गाड्या, तेवढं पुरे. दहाला सगळं गाव जमलं. निवाऱ्यात गारवा होता. बायकांनी बाकड्यावर बसून बघितलं, पोरांनी भिंत वाजवून बघितली, म्हाताऱ्यांनी ‘काम दणकट झालंय’ म्हणून मान डोलावली. साईराज नव्या शर्टात खांबाला टेकून उभा होता. संयोगिता अंबूबाईला घेऊन एका कडेला बसली होती, मांडीवर दादाची वही.

साहेब निघाले होते. अकराला ते निघाले होते, बाराला ते निघाले होते, एकला ते अगदी निघालेच होते. तोवर सूर्य कुणाची वाट बघत थांबला नाही. साडेबाराला गारवा बाकड्यापुरता राहिला, एकला भिंतीपुरता, आणि दीडला तो भिंतीखालून पलीकडे निघून गेला. पुढून ऊन थेट आत आलं. पत्र्याच्या भिंतीने ते परत बाकड्यावर फेकलं. दोनला निवाऱ्याची भट्टी झाली.

माणसं आधी एकेक करून गेली. कुणाला पाणी प्यायचं होतं, कुणाला फोन आला होता. सगळ्यांना पाणी नि फोन निवाऱ्याच्या मागेच मिळत होते. चौदा फूट उंच भिंतीची ऐसपैस, चौकोनी, थंडगार सावली नानासोंच्या अंगणात पडली होती. अडीचपर्यंत तिथे चटया आल्या, पानसुपारी आली. सुलाबाई आणि नानासो वर्षश्राद्धाच्या जेवणाच्या भाज्या चिरायला अंबूबाईच्या घरी गेले होते, म्हणून अडवायला कुणी नव्हतं. जागा कमी पडली तेव्हा लोक बाजल्यांवर बसले. बाजल्यांवर धोतरं होती, धोतरांवर काय आहे हे गर्दीत कुणी बघितलं नाही. “गादी जरा टोचती,” एवढंच एक म्हातारा म्हणाला.

तीन वाजता साहेब आले.

निवाऱ्यासमोर उरले होते तात्याबा, साईराज, हारवाला आणि छत्रीखाली अंबूबाई नि संयोगिता. साहेबांनी फीत कापली, चार पावलं आत टाकली आणि लोकनेत्याला शोभेल अशा सैल अंगाने बाकड्यावर बसले. लोखंडी बाकडं दीड तास तापलं होतं. साहेब बसले त्यापेक्षा जास्त वेगाने उभे राहिले. उभे राहिले ते ताठ, डोळे मिटून, ओठ आवळून.

तात्याबांनी तीस वर्षं राजकारणात काढली होती. साहेब असे उभे राहिले म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नसे. त्यांनी माईक ओढला. “साहेबांना भावना अनावर झाल्यात. आता सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून सरांना श्रद्धांजली वाहायची आहे.”

भिंतीमागे दीडशे माणसं चटयांवरून, बाजल्यांवरून उठली. कर्रर्र असा मोठा आवाज झाला. तो साहेबांनी ऐकला आणि डोळे आणखी घट्ट मिटले. दोन मिनिटं झाली. साहेब, मिनिटभर तरी टेकावं म्हणून, यावेळी बाकड्याच्या दुसऱ्या टोकावर बसले. आणि परत उठले.

“आणखी दोन मिनिटं,” तात्याबा गहिवरून म्हणाले.

पुन्हा कर्रर्र. साईराज खांबाजवळ उभा होता. बाकडं त्याने स्वतः घडवलं होतं, तेव्हा साहेबांच्या भावना कुठून येत आहेत हे कळणारा तो एकटाच. त्याने खांबाला हात लावला, तोही भाजला. मग त्याने वर बघितलं: नाव आभाळात, पुलावरून वाचता येईल असं. खाली बघितलं: बाकड्यावर ऊन. मागे बघितलं: भिंतीच्या कडेने दिसणारी गार, काळी सावली, आणि तिच्यात पाठ करून बसलेलं गाव. दादा जिथे उभा राहायचा त्या जागेवर अजूनही ऊन होतं. फक्त आता त्याला चौदा फुटांची भिंत आणि एका साहेबांचं पाठबळ होतं.

साहेबांनी भाषण उभ्यानेच केलं. शंभू सर हे आम्हा सर्वांची सावली होते, असं त्यांनी घाम पुसत सांगितलं. समोर रस्ता होता. रस्त्यावर तीनची एसटी उशिराने येऊन थांबली; ड्रायव्हरने, एवढा तळमळीने बोलतोय तर याला कडेगावला जायचं असणार, असं समजून दार उघडलं. साहेब बोलतच राहिले तेव्हा त्याने दार लावलं आणि निघून गेला. भाषण संपल्यावर मागच्या लोकांनी, टाळ्या ऐकू जाव्यात म्हणून, पत्र्यावर हात मारले. साहेबांच्या कानाशी जणू वीज पडली. ते तसेच गाडीत जाऊन बसले. एसी चालू झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी खरीखुरी भावना आली, ती त्या दिवसातली पहिली.

गाडी निघाली तोच जेवायला बोलवायला आलेल्या सुलाबाईने आपलं अंगण पाहिलं.

ती काय बोलली ते सगळं सांगता येणार नाही, कारण तिने श्वास घ्यायला थांबायची पद्धत पाळली नाही. थोडक्यात असं, की काल तुझी सावली कुरडयांवर आली म्हणून सांगायला आले, तर मायलेक रडत बसली. आता घ्या, सगळा गाव कुरडयांवर बसवला. पुण्याच्या भाऊबंदांना आता चुरा पाठवू का? तिने बाजल्यावरचं धोतर उचललं. चुरा भुरभुर खाली पडला. सर्वांत मोठा ढीग ‘गादी टोचती’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याच्या जागेवर होता.

साईराजने मान खाली घातली. वर्षभराचं दुःख, दहा दिवसांची मेहनत, दादाचं नाव, सगळ्याचा असा चुरा झाला होता, आणि तो चुरा मोजणारे दीडशे साक्षीदार तिथेच उभे होते. आता वहिनी काय म्हणेल, या भीतीने त्याने तिरक्या नजरेने बघितलं.

संयोगिताने पदर तोंडावर धरला होता. खांदे हलत होते. साईराज जवळ गेला, माफ करा म्हणायला, तेव्हा त्याला दिसलं की ती रडत नव्हती.

“भाऊजी,” ती कशीबशी म्हणाली, “दुसऱ्यांदा… दुसऱ्यांदाबी बसले वो ते.” आणि पुन्हा पदरात तोंड घातलं. तिच्या शेजारी अंबूबाई, जिला नीटसं काही समजलं नव्हतं, सून हसते म्हणून हसू लागली. शंभूने चुरा करून कुरडई खाल्ली असती, सुलानं तर आयताच चुरा केलाय, असं काहीतरी ती म्हणाली. हे ऐकून सुलाबाईचाही आवाज अर्ध्या वाटेत तुटला. साईराज तेवढा गंभीर राहिला. कुणीतरी राहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने सकाळी काम केलं नाही. दुपारी अडीचला, डोक्याला टॉवेल बांधून, तो बाकड्यासमोर उकिडवा बसला. दादाच्या क्लासमधून सामान आणताना खडूचा अर्धा खोका आला होता, तो बरोबर घेतला. ऊन कुठवर येतंय, तिथे रेघ मारायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा रेघ. सहा वाजेपर्यंत बाकड्यावर आणि जमिनीवर एवढ्या रेघा झाल्या की हेडमास्तर जाता जाता थांबले आणि हे भूगोलाचं आहे का, म्हणून विचारून गेले.

तिसऱ्या दिवशी त्याने गॅस कटर आणला. (त्याला लाईट लागत नाही.) क्रेनवाल्याच्या पुन्हा पाया पडून निवाऱ्याचे खांब आणि मागची भिंत साडेपाच फूट कापून टाकली. तात्याबा धावत आले. चौदाचा साडेआठ होताना बघून त्यांना स्वतःचीच उंची कमी झाल्यासारखं वाटलं. मग साईराजने वरचा फलक उतरवला आणि छपराच्या पुढच्या कडेला, झापासारखा, खाली लोंबता जोडला. तीनचं ऊन आता फलकावर पडू लागलं आणि फलकामागचं बाकडं गार राहू लागलं. भिंतीची सावली आखडून नानासोंच्या कुंपणापाशी थांबली. सुलाबाईने नव्याने चीक काढला. गहू साईराजने दिले, आणि चीक घाटायलाही तोच होता, एका हाताला फोड घेऊन.

“आरं, पण तू फलक उलटा लावलास की गड्या,” तात्याबा म्हणाले. अक्षरं आतल्या बाजूला होती. “रस्त्यावरनं नाव कुणाला दिसणार?”

“रस्त्यावरच्याला न्हाई दिसत. बसल्याला दिसतंय.”

“आन् संकल्पना?”

“ती बारीक हाय. वाकून बघितली तर दिसंल.”

तात्याबा वाकून बघायला आत गेले आणि संकल्पना वाचून समाधानाने ताठ उभे राहून बाहेर पडायला निघाले. फलकाची खालची कडा जमिनीपासून साडेपाच फुटांवर होती. तात्याबा पावणेसहा होते.

साईराजने मापं ऊन बघून घेतली होती. माणसं बघून घ्यायची राहून गेली.

तात्याबांना पाणी देऊन, कपाळ चोळून, घरी पाठवून साईराज आत बसला. गार वाटत होतं. समोर हात लांब केला तर लागेल अशा अंतरावर दादाचं नाव. बराच वेळ तो ते वाचत होता. नववी नापास माणसाला तीन शब्द वाचायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ. मग तो उठला आणि त्याच कडेवर, त्याच जागी, धाडकन आपटला. त्याचा हात कपाळाकडे गेला. टपली दादासारखी, पण बेताची नव्हती.

घरी अंबूबाईने टेंगूळ बघितलं. “कुठं आपटलास रं, साया?”

“दादाच्या क्लासला गेलतो.”

“मग?”

“नापास.”

आठवडाभरात फाट्यावरून एसटी पकडणारी निम्मी माणसं टेंगूळ घेऊन कडेगावला उतरली. सर मेले तरी मारायचे सोडत नाहीत, असं जुनी पोरं म्हणू लागली. तेव्हा साईराजने पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली, लांब पट्टी कापली आणि फलकाच्या कडेला रिबिटा मारून बसवली. आता लागेना. पण कडेखाली चार बोटं लोंबणाऱ्या ट्यूबचा काळा रंग कपाळाला लागू लागला. तीनच्या गाडीत चढणाऱ्या सात माणसांच्या कपाळावर सारखाच काळा पट्टा बघून कंडक्टरने हात जोडले आणि कुठल्या देवाची जत्रा आहे म्हणून विचारलं. सुलाबाई तशीच बाजारात फिरून आली आणि संध्याकाळी साईराजच्या दारात उभी राहिली. यावेळी आवाज खाली ठेवायचं तिला काही कारण नव्हतं.

दादाच्या वहीत ती जोडी अजून तशीच आहे. दोन्हींपुढे सावली, पुढचं कोरं. संयोगिताने वही साईराजपुढे केली होती, काही लिहायचं असेल तर लिहा म्हणून. त्याने ती उघडली, बघितली आणि परत दिली. आपल्याला एवढं इंग्रजी येत नाही, म्हणाला. संयोगिताने मात्र विचारायच्या भानगडीत न पडता निवाऱ्याच्या कडेला कडुलिंबाचं एक रोप लावलं. त्याची सावली सध्या एका मुंगीला पुरते, तीही चालत नसेल तर.

शेवटचं म्हणून साईराज एका दुपारी खडूचा तो अर्धा खोका घेऊन फाट्यावर गेला. ट्यूबची पट्टी त्याने ओल्या फडक्याने पुसली, आणि एकेक खडू घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत घासला, पट्टी पांढरी होईपर्यंत. खोका रिकामा झाला. तेवढ्यात तीनची गाडी आली, बाकड्यावरची माणसं उठली, आणि एकेक करून पांढरं कपाळ घेऊन बाहेर पडली. साईराजने त्यांना जाताना पाहिलं. मग पट्टीखाली पडलेला रिकामा खोका उचलायला तो वाकला आणि सरळ उभा राहिला, नको तिथे.